आजोबा घोड्यावर कशाला?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना घोड्यांचा सहवास द्यावा, असं सांगणारा कालच्या आरोग्य पानावरचा ‘आजोबांची घोडदौड’ हा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण ते छायाचित्र निवडलं कुणी? स्मृतिभ्रंश झालेले आजोबा घोड्याच्या अगदी नाकासमोर, दोरीचा वेढा त्यांच्या हाताला आणि घोडा सांभाळणारा मोतद्दार घोड्याच्या पलीकडे! एका चौकटीत तीन चुका बसवायलाही कसब लागतं.

घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ती कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची. म्हणून आधी आवाज द्यायचा आणि खांद्याच्या बाजूने जवळ जायचं. मोतद्दार माणसाच्याच बाजूला हवा. घोडा बिचकला की तो त्याचं तोंड आपल्याकडे ओढतो, आणि मागचं धूड दुसरीकडे वळतं. पलीकडून ओढलं तर तेच धूड आजोबांच्या अंगावर येईल.

दोरीचं तर विचारूच नका. चारपाचशे किलोंच्या जनावराने झटका दिला की वेढा आवळतो आणि बोटं जायची वेळ येते. दोरी घड्या घालून धरतात, गुंडाळत नाहीत. त्यात आजार बळावलेल्या काहींच्या तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप मिटते. ‘सोडा, सोडा’ म्हणून ती सुटत नाही, ओढलं तर आणखी घट्ट होते. आयाळ हातात आली तरी तोच प्रकार. अशा वेळी हाताच्या पाठीवर हलकेच चोळत राहावं, मूठ सैल पडते. याच कारणाने गाजर हातून भरवू नये. पसरट घमेल्यात ठेवून घमेलं पुढे करावं.

मुळात खोगिरावर चढवायचं कशाला? हाडं ठिसूळ, तोल कच्चा, कित्येकांना रक्त पातळ करणारी औषधं चालू. खरं काम खराऱ्यात, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासण्यात आहे. हाताला पट्टा असलेला ब्रश द्यावा, म्हणजे तो पडत नाही. मान आणि खांदा एवढंच अंग पुरे. एका वेळी एकच सूचना, तीही शब्दांपेक्षा करून दाखवून. वेळ सकाळची, अनेकांची चलबिचल दिवस कलताना वाढते. घोड्याने कान मागे पाडले, शेपूट झटकली की थांबायचं. आजोबांनी ‘नको’ म्हटलं तरी थांबायचं, गेल्या वेळी कितीही रमले असले तरी. नंतर हात साबणाने धुवून द्यायचे, नाहीतर ते तसेच तोंडात जातात. आणि ‘घोड्याचं नाव आठवतं का?’ ही तोंडी परीक्षा कृपा करून कुणी घेऊ नये.

लेखातलं ‘ताण हमखास उतरतो’ हे वाक्यही घाईचं आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अवघ्या 16 जणांचा होता. घोड्यांकडे नेलेल्यांचं वागणं निवळलं हे खरं; पण आजार सौम्य असलेल्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उलट वाढलेलं आढळलं. नव्या अनुभवाचा तो चांगला ताण असावा, असं संशोधकांना वाटलं. उपयोग आहे, ‘हमखास’ नाही.

जाता जाता, खबरदारीची ती चौकट राखाडी पट्ट्यावर पांढऱ्या, मुंगीएवढ्या अक्षरांत का? ज्यांच्यासाठी ती छापली त्यांना भिंगातूनही वाचता यायची नाही. शेजारच्या शब्दकोड्याची अक्षरं तिच्या दुप्पट आहेत.

आपला,
एक जुना वर्गणीदार