रिकॉलचं पत्र ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पोचवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं आणि ट्रक कंपनीच्या ज्या वर्कशॉपात तुम्ही काम करता त्याचं नाव या पत्रात घालत नाही. ‘नोकरीतलंच काम केलं, त्यात नाव कशाला’ असं तुम्ही म्हणालात, तो शब्द पाळते. आभार मात्र उघडपणेच मानायचे आहेत. एका-दोन गाड्यांवर घर चालवणारी माणसं आमच्या निफाड तालुक्यात गावोगाव आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणांची गाडी पहिल्या हातची नाही. तुम्ही जे केलंत ते त्यांच्या कानावर जायला हवं.

आमची गाडी म्हणजे दहाचाकी ट्रक, २०२० सालचा, बीएस ६ हे धुराचे नवे नियम सुरू झाल्यावर निघालेल्या पहिल्या गाड्यांपैकी. जळगावच्या एका मालकांनी ती नवी घेतली, मालेगावच्या दलालाला विकली आणि दलालाकडून ती आमच्या दारात आली. आमचे हे स्वतः चालवतात. भाडी, हप्ता, विमा, फिटनेस, टोल हा सगळा हिशेब माझ्याकडे. कंपनीने या गाड्यांचा एक लॉट डिझेलच्या पाइपातल्या दोषासाठी दुरुस्तीला परत बोलावला, म्हणजे रिकॉल केला, तेव्हा रजिस्टर पत्र गेलं जळगावला. तिथे कुणीतरी सही करून ते घेतलं. कॉम्प्युटरवर आमच्या चासी नंबरपुढे ‘मालकास कळवले’ अशी नोंद पडली. आणि इकडे गाडी पिंपळगावचा कांदा भरून वाशीला कसारा घाट उतरत होती, भिवंडीहून परतीचं भाडं घेऊन तोच घाट चढत होती.

त्या नोंदीवर तुम्ही थांबला असतात तर कुणी तुम्हाला बोल लावला नसता. कागद पूर्ण होता. पण पत्र मिळाल्यावरही गाडी कुठल्याच वर्कशॉपला आली नाही, हे तुम्हाला खटकलं. तुम्ही जळगावला फोन केलात. त्यांनी दलालाचं नाव सांगितलं, दलालाचा नंबर बंद. आरसीवर आमचं नाव चढलेलं होतं, पण त्याच्यासोबत मोबाइल नंबर होता आरटीओ एजंटाचा. सेकंडहँड गाड्यांच्या बाबतीत हे इतकं सर्रास चालतं की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालंय. मग तुम्ही चासी नंबरावरून दुसऱ्या वर्कशॉपमधली जुनी जॉबकार्डं, म्हणजे कामाच्या नोंदीचे कागद, काढायला लावलीत. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाचा दिवा लागला म्हणून यांनी एकदा धुळ्याकडे गाडी दाखवली होती. त्या कार्डावर माझा नंबर सापडला.

तुमचा पहिला फोन आला तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. कुणीतरी अनोळखी बाई आपल्या गाडीचा नंबर सांगते आणि ‘काम फुकट आहे’ म्हणते, तर हल्ली कुणालाही फसवणुकीचीच शंका येईल. तुम्ही ते ओळखलंत. म्हणालात, “ओटीपी मागणार नाही, पैसे मागणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकावर कंपनीचा हेल्पलाइन नंबर आहे, त्यावर फोन करा, चासी नंबर सांगा आणि खात्री झाली की मला लावा.” मी तसंच केलं आणि खात्री झाली. ताई, असं सांगणारं माणूस खरं असतं, हे मी आता आमच्या बचत गटातल्या बायकांनाही सांगते.

त्यानंतरची तुमची बोलण्याची पद्धत मला विसरता येणार नाही. दोष काय आहे हे तुम्ही सोपं करून सांगितलंत. नोझलकडून जास्तीचं डिझेल टाकीकडे परत नेणारा जो रिटर्न पाइप आहे, तो या लॉटमध्ये एका ब्रॅकेटला घासतो. क्लॅम्पची जागा चुकलेली आहे. हादऱ्यांनी पाइप झिजतो, आधी पाझरतो, मग गळतो, आणि गळतो तो टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा ढकलणाऱ्या भागाच्या, बाजूला. आपल्याकडे ड्रायव्हर लोकांत पक्की समजूत आहे की पेट्रोल भडकतं, डिझेल काही काडीने पेटत नाही. त्यामुळे केबिनमध्ये वास आला तरी कुणी गाडी थांबवत नाही. तुम्ही म्हणालात, काडीचा प्रश्नच नाही. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा टर्बोजवळचं एक्झॉस्ट ५००-६०० अंशांपर्यंत तापतं. इतक्या तापलेल्या लोखंडावर पडलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतं. वर केबिन, केबिनमध्ये मागे बर्थवर झोपलेला क्लीनर.

वास येतो का, असं तुम्ही विचारलंत. येत होता. अ‍ॅव्हरेजही पडलं होतं. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने जुन्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळून दिली होती आणि त्यावर गाडी चालली होती. हे त्या वेळी भिवंडीत माल भरून निघाले होते. मी फोन लावला, म्हटलं, घाट चढायचा नाही, आहात तिथे थांबा. पडघ्याच्या पुढे एका ढाब्यावर गाडी बाजूला घेतली.

मग तुम्ही थेट यांच्याशी बोललात. पहिली गोष्ट सांगितलीत ती हाताची. पाइपावरून हात फिरवून गळती शोधायची नाही. रिटर्न पाइपात दाब कमी असतो, पण त्याच्या शेजारून जाणाऱ्या, नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेलच्या पाइपात दीड ते दोन हजार बार दाब असतो; ट्रकच्या टायरमध्ये असतो तो फक्त आठ-नऊ बार. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, बाहेर फक्त सुईएवढी खूण दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. ही माहिती आमच्या ह्यांना इतकी वर्षं गाडी चालवून कुणी दिली नव्हती. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, केबिन उचला, टॉर्चने बघा, आणि चालू इंजिनची गळती बघायचीच असेल तर मिस्त्रीला लांबून पुठ्ठा धरून बघू दे. शब्द अगदी मोजके होते, पण प्रत्येक शब्द कामाचा. पट्टीच्या खाली पाइप ओला होता आणि ब्रॅकेटपर्यंत काळपट ओघळ आला होता.

भिवंडीच्या वर्कशॉपमधून तुम्ही मिस्त्री आणि व्हॅन पाठवलीत. बदलायचा पाइप तुमच्याकडेच नव्हता, हेही तुम्ही लपवलं नाहीत. ‘उद्या येईल’ असं सांगून माणसाला लटकवत ठेवण्याची रीत मला चांगली माहीत आहे. तुम्ही म्हणालात, पाइप आणि नवा क्लॅम्प पुण्याहून येणार, तोवर गाडी हलवायची नाही, तात्पुरतं बांधून घाट चढवा असं मी सांगणार नाही. ट्रान्सपोर्टर चिडला होता. त्याच्याशी तुम्ही स्वतः बोललात. त्याने माल दुसऱ्या गाडीत भरून नेला आणि आमच्याशी भांडण न करता नेला, ते तुमच्यामुळे.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त धीर दिला ती सांगते. मला भीती होती की बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागलाय म्हणून कंपनी हात झटकेल. वॉरंटीच्या बाबतीत हे आम्ही सोसलं आहे. तुम्ही ठामपणे म्हणालात, “वहिनी, ही वॉरंटी नाही, हा रिकॉल आहे. वॉरंटी संपली असली, मालक बदलला असला, पट्टी गुंडाळली असली तरी हा दोष कारखान्यातला आहे आणि काम कंपनीच्या खर्चानेच होणार.” जॉबकार्डावर पट्टीचा उल्लेख तुम्ही केलात, पण आमच्याविरुद्ध नाही. गळती सुरू झाली होती याचा पुरावा म्हणून तो लिहिलात.

तुम्ही सांगितल्यावर मी तो कायदा शोधून वाचला. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०ए हे कलम आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्याआधी २०१२ पासून गाड्या बनवणाऱ्यांच्या सियाम या संघटनेची आचारसंहिता होती, पण ती स्वेच्छेची. आता कंपनीला दोष कळला तर तिने सरकारला कळवून रिकॉल सुरू करायचा असतो. स्वतःहून केला तर दंड नाही. सरकारला हुकूम काढावा लागला तर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना हे नियम लागतात. आमची गाडी त्यात बसत होती.

त्या कलमातल्या एका ओळीपाशी मी थांबले. दोष कोणाला धोक्याचा, तर पर्यावरणाला, चालकाला, गाडीत बसलेल्यांना आणि रस्त्यावरच्या इतरांना, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे माणसांमध्ये कायद्याने आधी चालकाचा विचार केला आहे. पत्र मात्र जातं कंपनीच्या कागदावरच्या मालकाला, तेही गाडी नवी घेतली त्या वेळच्या पत्त्यावर. स्टीअरिंगवर बसलेला माणूस उत्तर प्रदेशचा असतो, बिहारचा असतो, नाहीतर आमच्या ह्यांच्यासारखा तिसऱ्या हातचा मालक असतो. त्याच्या हातात ते पत्र पडेलच याची सोय कुठेच नाही. ती सोय तुम्ही केलीत, ताई. जॉबकार्डं उपसून, एजंटांच्या मागे लागून, न उचललेल्या फोनांना पुन्हा फोन लावून केलीत. कायद्याने जे माणसासाठी लिहिलं होतं ते माणसापर्यंत नेलंत.

पाइप आला तेव्हा जुना तुम्ही यांना दाखवायला लावलात. ब्रॅकेटच्या जागी तो एका बाजूने अगदी कागदासारखा पातळ झाला होता. नवा पाइप बसला, त्यावर जाड स्लीव्ह, क्लॅम्प नव्या जागी. पण ‘काम झाले’ असा शिक्का तुम्ही लगेच मारू दिला नाहीत. इंजिन तापेपर्यंत चालवून केबिन उचलून बघायला सांगितलंत, मग गाडी फिरवून आणून पुन्हा बघायला सांगितलंत. तिथला मिस्त्री थोडा वैतागला होता असं हे सांगत होते. तरी त्याने सगळं नीट केलं. त्या मिस्त्रीचेही आभार, त्याला हा निरोप तुम्ही द्यालच.

गाडी उभी होती त्या दिवसांत हप्त्याची तारीख आली. मी तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं. तुम्हीच विचारलंत, “फायनान्स आहे का गाडीवर?” आणि वर्कशॉपच्या लेटरहेडवर चासी नंबर घालून, गाडी सुरक्षेच्या रिकॉलसाठी उभी आहे आणि भागाची वाट बघत आहे, असं पत्र पाठवलंत. फायनान्सवाल्यांनी त्या पत्रावर थोडी मुदत दिली. रोजच्या उत्पन्नाची गाडी उभी राहणं म्हणजे काय असतं, हे पगारावरच्या माणसाला सहसा समजत नाही. तुम्हाला समजलं. खरं सांगायचं तर रिकॉल आल्यावरही माणसं गाडी दाखवायला नेत नाहीत ती याच भीतीने. काम फुकट असलं तरी उभी राहिलेली गाडी फुकट नसते. कंपन्यांनी या काळाची काही भरपाई द्यायला हवी, निदान एकाच गाडीवर जगणाऱ्यांना तरी. हे माझं मत आहे, ते तुमच्या वरिष्ठांपर्यंत गेलं तर मला आवडेल.

आणि तो कागद. आमचं काम झाल्यावर तुम्ही विचारलंत, या लॉटच्या अजून काही गाड्या सापडत नाहीत, ड्रायव्हर लोकांत कसं कळवता येईल? यांनी सांगितलं, मराठीत एक आणि हिंदीत एक लिहा, मोठ्या अक्षरांत, आणि पंपावर लावा. तुम्ही दुसऱ्याच दिवशी पाठवलात. त्यात कंपनीची भाषा नव्हती. केबिनमध्ये डिझेलचा वास, टर्बोच्या बाजूला ओल, अचानक पडलेलं अ‍ॅव्हरेज, यांतलं काही दिसलं तर घाट चढू नका, हात लावू नका, चासी नंबर घेऊन फोन करा, पैसे लागत नाहीत. एवढंच. आम्ही तो पिंपळगावच्या मार्केट यार्डाबाहेर, घोटीच्या दोन ढाब्यांवर आणि इगतपुरीच्या अलीकडच्या पंपावर लावला. ड्रायव्हरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय.

त्याचंच पुढचं कळवते. तुमच्या यादीतली मालेगावची एक गाडी सापडली आहे. सध्या ती चांदवडच्या एका माणसाकडे आहे आणि चालवणारा मुलगा गोरखपूरचा आहे. घोटीला त्याने कागद वाचला आणि आमच्या ह्यांना फोन केला. वास येतो म्हणाला. गाडी रिकामी आहे, चांदवडलाच उभी ठेवायला सांगितली आहे. त्याचा आणि मालकाचा, दोघांचे नंबर तुमच्या फोनवर पाठवले आहेत. मालक ‘सीझन संपल्यावर बघू’ म्हणतोय, तेव्हा आधी त्याच्याशी तुम्ही बोला. तुमचं तो ऐकेल.

तुमची,
निफाड तालुक्यातली एका ट्रकचा हिशेब ठेवणारी वहिनी