ती चित्रं कुणाची, मुग्धा?

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन ठेवला तो रागाने नव्हे, कुकर झाला होता. बरं, रागानेही. नोकरीसाठी दुसऱ्या मुलीची चित्रं आपली म्हणून दाखवलीस म्हणून मी बोलले, तर "एडिथ हेडनेसुद्धा दुसऱ्यांची चित्रं दाखवूनच नोकरी मिळवली" असं तू म्हणालीस, आणि ती बाई कोण हेच मला ठाऊक नव्हतं. मग चार रात्री पप्पांचा चष्मा लावून मोबाईलवर वाचत बसले.

तुझं खरं आहे. हॉलिवूडच्या सिनेमांचे कपडे करणारी ही बाई आधी फ्रेंच शिकवणारी मास्तरीण, चित्रकला संध्याकाळच्या वर्गात शिकत होती. शुईनार्ड या कलाशाळेच्या वर्गातल्या मुलांची चित्रं उचलून पॅरामाउंट स्टुडिओत कपड्यांचं काम बघणाऱ्या हॉवर्ड ग्रीअरला दाखवली. पुढे कबूल केलं, तरी त्याने ठेवून घेतलं आणि त्याच्या हाताखाली ती शिकली. 1938 मध्ये तिथल्या वेशभूषा विभागाची प्रमुख झाली. 35 नामांकनं, 8 ऑस्कर. तिथे बसून तुला वाटणारच की, मग माझं काय चुकलं?

एक मात्र फार आवडलं. सिनेमा कृष्णधवल असताना कापडाचा रंग पडद्यावर कसा उतरेल ते बघायला ती निळ्या काचांचा चष्मा लावायची. मी नाही का बायकांना ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका, दारात या म्हणते! तेच की गं.

पण मग 'सॅब्रिना' सिनेमाचं वाचलं. त्यातल्या नायिकेचे, ऑड्री हेपबर्नचे, पॅरिसचे कपडे जिव्हांशी या फ्रेंच फॅशनवाल्याचे. पडद्यावर नाव एडिथचं, 1955 चं ऑस्करही तिलाच. आठ मोजताना हे एक माझ्या घशात अडकलं.

तुला माहीत आहे का? नसेल, मी कधी बोलले नाही. लग्नाआधी मी एका दुकानाची काजं-बटणं घरी आणून करायची. एकदा मालकांनी कटोरी ब्लाउज शिवायला दिला. जांभळा, खणाचा. महिनाभर तो दुकानाच्या काचेत होता. माझ्या मावशीनेच मला सांगितलं, "बघून ये, काय हात आहे त्या मास्तरचा!" मी गेले, बघितला, परत आले. चार आणे जास्त मिळाले होते, कुरकुर कशाची करायची? आज पंचेचाळीस वर्षं झाली, तो जांभळा रंग मला अजून दारातल्या उजेडात दिसतो.

म्हणून विचारते, ती चित्रं ज्या मुलीची आहेत, तिला विचारलंस का?

झालं, लागले उपदेशाला. चुकलं माझं. तू तिथे एकटी, भाडं, व्हिसा, सगळं मला इथून काय कळणार? शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचं चिलखत शिवून तू अख्ख्या वर्गाला मावळे केलं होतंस, तेव्हा पप्पा पहिल्या रांगेत उभे राहून ओरडत होते. सिनेमाचे कपडे करणाऱ्या भानूताई अथैयांचं तर विचारू नकोस. 'आमच्या कोल्हापूरच्या राजोपाध्यांची' असं ते भाजीवाल्यालाही सांगतात. 'गांधी'साठी 1983 मध्ये ऑस्कर दिलं तेव्हा जॉन मोलो आणि भानूताई, दोघांचीही नावं होती. दोघांची, मुग्धा.

तुझ्या हातात कला नाही असं मी म्हणाले, ते खोटं आहे. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, म्हणूनच दुसऱ्याची चित्रं कशाला लागली ते कळत नाही. पुन्हा तेच. सोड.

मेतकूट आणि थोडा कांदा-लसूण मसाला शेजारच्या काकूंच्या जावयाबरोबर पाठवतेय, त्यांना फोन कर. डोळे दुखत असतील तर रात्री शिवू नकोस. आणि त्या मुलीचं नाव काय ते मला कळव, नुसतं नाव.

तुझी,
आई