खिचडीवाले, डबेवाले आणि पाचव्या पानावरचे गृहस्थ

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

शालेय पोषण आहारावरील आपल्या कालच्या अंकातील लेख वाचला. शाळेत जेवणाऱ्या मुलांना कमीपणा वाटू नये म्हणून त्यांचे समुपदेशन करावे, ही त्यातील सूचना वाचून मात्र राहवले नाही. समुपदेशन नेमके कोणाचे करायचे, हे आधी ठरवायला हवे.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाचा या जेवणावर हक्क आहे. त्यासाठी ना उत्पन्नाचा दाखला लागतो, ना पिवळे रेशनकार्ड. मग 'ज्यांना गरज आहे त्यांनीच खिचडी घ्यावी' ही अट शाळांनी कोठून आणली?

माझी नात अनुदानित शाळेत सहावीत आहे. मधली सुट्टी झाली की तिच्या वर्गात बाई 'खिचडीवाले बाहेर' असा पुकारा करतात. मग डबेवाले पंख्याखाली बाकांवर आणि खिचडीवाले व्हरांड्यात जमिनीवर. ताट घरूनच न्यायचे असते. ते दप्तरात वाजते म्हणून ही पोर रोज सकाळी ते टॉवेलात गुंडाळते आणि कोणी विचारलेच तर चित्रकलेचे पॅड आहे म्हणून सांगते. पालकसभेत मी हा विषय काढला, तेव्हा 'आजोबा, तुम्हाला परवडते ना, मग डबा द्या की!' असे अत्यंत आपुलकीचे उत्तर मिळाले. माझ्या निवृत्तिवेतनात डबा परवडतो, हा शोध लावल्याबद्दल मी शाळेचा आभारी आहे. प्रश्न व्हरांड्याचा होता.

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी या जेवणात ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने ठरवून दिलेली आहेत. लाजेपोटी एखादे मूल ती सोडते आणि शाळा 'मुलांना खिचडी आवडत नाही' म्हणून मोकळी होते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले जेवण शाळेतच द्यायला सांगितले. मुलांनी एकत्र बसून जेवावे हाही या योजनेचा एक हेतू आहे, आणि आम्ही एकाच वर्गाच्या दोन पंगती केल्या. वाढण्यापूर्वी शिक्षकांनी अन्नाची चव घ्यायची असतेच; तो चमचाभर घास उभ्याउभ्या घेऊन रजिस्टरात सही ठोकण्याऐवजी बाईंनी आणि मुख्याध्यापकांनी ताट घेऊन मुलांत बसावे आणि डबेवाल्यांनाही तेथेच बसवावे. याला निधी लागत नाही आणि नव्या शासन निर्णयाची वाटही पाहावी लागत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. ज्या अंकात हा कळवळ्याचा लेख, त्याच अंकाच्या पाचव्या पानावर एका दानशूर गृहस्थांनी वाढदिवसानिमित्त शाळेत दिलेल्या स्नेहभोजनाचे भले मोठे छायाचित्र आहे. गृहस्थ मधोमध हसत आहेत आणि भोवती ताटे छातीशी धरलेली मुले, त्यांचे चेहरे साऱ्या गावाने ओळखावेत इतके स्पष्ट. त्यांच्या आईवडिलांना कोणी विचारले होते काय? पुढच्या वेळी एकट्या गृहस्थांचेच छायाचित्र छापावे. त्यांनाही ते अधिक आवडेल.

आपला,
एक नियमित वाचक