आर कोअर टीमला जाहीर आभारपत्र

आर कोअर टीमच्या सर्व सदस्यांना,
स. न. वि. वि.

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा १९९५ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुली झाली. १९९७ पासून ती तुम्ही सांभाळता आहात. भाषा फुकट दिल्याबद्दल आभार मानणारे पुष्कळ आहेत. हे पत्र त्याहून बारीक गोष्टींसाठी आहे: नवशिक्याचा पाय पहिल्याच आठवड्यात ज्या खड्ड्यांत जायचा, त्यातले काही तुम्ही बुजवलेत, त्यासाठी. (आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच.)

सगळ्यात मोठा खड्डा फॅक्टरचा, म्हणजे गटांत विभागलेल्या स्तंभाचा, होता. सीएसव्ही फाइल वाचणारी रीड.सीएसव्ही ही आज्ञा मजकुराचा प्रत्येक स्तंभ न विचारता फॅक्टर करून टाकायची. आकड्यांच्या स्तंभात कुठेतरी एक ‘माहीत नाही’ घुसलं की तोही मजकूर ठरायचा आणि फॅक्टर व्हायचा. मग त्याचे आकडे करायला ॲज.न्यूमेरिक लावलं की १०, २०, ५ यांच्या जागी १, २, ३ आणि ‘माहीत नाही’च्या जागी ४ मिळायचे, कारण फॅक्टरच्या पोटात फक्त गटांचे क्रमांक असतात आणि गट मजकुराच्या क्रमाने लागतात. ना एरर, ना इशारा. सरासरी साडेअकराच्या वर हवी तिथे अडीच यायची, आणि तीच अहवालात जायची. २४ एप्रिल २०२० च्या ४.०.० आवृत्तीत तुम्ही हा डीफॉल्ट बदललात. आता असा स्तंभ मजकूरच राहतो. आकडे करायला गेलं तर ‘माहीत नाही’च्या जागी एनए (आरमधली ‘मूल्य उपलब्ध नाही’ची खूण) येतो आणि वर इशाराही मिळतो. ज्यांच्याकडे अजून फॅक्टर आहेत त्यांनी आधी ॲज.कॅरेक्टर (मजकूर करणारी आज्ञा), मग ॲज.न्यूमेरिक असं दोन पायऱ्यांनी जावं. फाइल उघडल्यावर पहिली आज्ञा एसटीआर द्यावी: कुठला स्तंभ कुठल्या प्रकारचा, ते एका नजरेत दिसतं.

दुसरे आभार खास मराठीतून. विंडोजवर देवनागरी स्तंभ छापला की गावांच्या नावांऐवजी कोनी कंसातल्या यू-कोडांची माळ दिसायची. एप्रिल २०२२ च्या ४.२.० पासून नव्या विंडोजवर आर थेट यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी यूनिकोडची पद्धत) वापरते, आणि ‘पुणे’ हे ‘पुणे’ दिसतं. पण अक्षरं मोजणाऱ्या एनकॅरला त्याची लांबी विचारली तर उत्तर ४ येतं, कारण प, उकार, ण आणि मात्रा वेगवेगळे मोजले जातात. सबस्ट्रिंगने पहिलं अक्षर काढलं तर उकार गळून नुसता ‘प’ हाती येतो. ही चूक नाही, यूनिकोडची मांडणीच तशी आहे. पण नावांची आद्याक्षरं काढणाऱ्याने हे आधीच जाणून असावं.

देवनागरी आकड्यांचं मात्र वेगळं आहे. ‘१२’ हा मजकूर ॲज.न्यूमेरिकला दिला की एनए मिळतो. अक्षरं बदलणाऱ्या चार्टआरला आधी देवनागरी दहा अंक, मग त्याच क्रमाने रोमन दहा अंक, आणि शेवटी स्तंभ दिला की काम होतं. लाखांचे स्वल्पविरामही आधी जीसब (शोधून बदलणारी आज्ञा) वापरून काढावे लागतात, नाहीतर १,२५,००० हा मजकूरच राहतो. आणि एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही काढली असेल तर पहिल्या स्तंभाच्या नावाला भलतीच अक्षरं चिकटू शकतात. रीड.सीएसव्हीच्या फाइलएन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८-बॉम लिहिलं की ती जातात.

त्याच ४.२.० मध्ये अट तपासणाऱ्या इफच्या कंसात एकाहून जास्त ट्रू-फॉल्स आले तर एरर द्यायला तुम्ही सुरुवात केलीत. पूर्वी पहिलंच उत्तर धरून गाडी पुढे जायची, वर फक्त एक इशारा, आणि इशारे वाचतो कोण? आता गाडी थांबते, आणि शिकणाऱ्याला कळतं की इथे इफएल्स (प्रत्येक नोंदीला वेगळं उत्तर) किंवा एनी (एकतरी खरं आहे का) हवं होतं.

एक गोष्ट तुम्ही बदलली नाहीत, तिचेही आभार. शंभर नोंदींत एक एनए असला तरी मीन (सरासरी काढणारी आज्ञा) एनएच देते. नवशिके वैतागतात आणि लगेच एनए.आरएम = ट्रू (एनए गाळा) लिहून मोकळे होतात. त्याआधी सम(इझ.एनए(क्ष)) लिहून गाळलेल्या नोंदी किती ते पाहावं. क्ष == एनए विचारण्यात अर्थ नाही, त्याचं उत्तरही एनएच. आणि न मिळालेल्या उत्तरासाठी ९९ लिहिलेली फाइल एनए.स्ट्रिंग्जने (कुठला मजकूर एनए धरायचा ते सांगून) वाचताना सांभाळावं: ते सगळ्या स्तंभांना लागू होतं, ९९ वर्षांच्या आजीचं वयही पुसलं जातं.

आता थोडी कुरकुर, आभारपत्रात शोभत नसली तरी. किंमत साठवायचं बाणाचं चिन्ह सुंदर आहे, पण तापमान उणे पाचाखाली आहे का हे विचारायला कोणी इफ(ताप<-५) असं मोकळी जागा न सोडता लिहिलं की ताप ५ होतो आणि अट कायम खरी ठरते. चिन्हांच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची सवय हाच इलाज. १:न-१ हेही तसंच: आधी १ ते न तयार होतात, मग प्रत्येकातून १ वजा होतो, म्हणून १:(न-१). आणि तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फॉर लूपला १:लेंग्थ(क्ष) न देता सीक_अलाँग(क्ष) द्यावं, कारण क्ष रिकामा असला तर पहिल्या पद्धतीत लूप १ आणि ० असा दोनदा फिरतो.

पण खरी तक्रार रिसायकलिंगची, म्हणजे लहान यादी पुन्हा पुन्हा वापरून मोठीएवढी करण्याची. पाच आकड्यांत दोन मिळवले तर तुम्ही इशारा देता. सहा आकड्यांत दोन मिळवले तर चकार शब्द नाही: १ ते ६ मध्ये १० आणि २० मिळवले की ११, २२, १३, २४, १५, २६ हजर. एकच आकडा सगळ्यांत मिळवायला हे हवंच. पण दोन, तीन लांबीला निदान एखादा इशारा, हवा त्यानेच चालू करावा अशा ऑप्शनमध्ये तरी मिळाला तर बरं होईल. तोवर बेरजेआधी स्टॉपइफनॉट(लेंग्थ(क्ष) == लेंग्थ(य)) ही लांब्या जुळत नसतील तर थांबवणारी एक ओळ आम्ही शिकणाऱ्यांना लिहायला लावतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
आर शिकवणारे काही मराठी भाषक