मनू, खोकल्याबद्दल लिहिणार नव्हतो

प्रिय मनू,

काल फोनवर तू दोनदा खोकलीस आणि दोन्ही वेळा म्हणालीस ठसका लागला. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय, तर ते राहू दे.

सकाळी फिरायला शनिवारवाड्यापर्यंत गेलो होतो. दिल्ली दरवाजा जन्मापासून बघतोय, ते टोकदार खिळे, उत्तरेकडे तोंड, पण आज तिथून पाय निघेना. तुला दिल्लीत सोडून आल्यापासून असं होतंय.

ते चार दिवस डोक्यातून जात नाहीत. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये तू वर बोट दाखवलंस, इथलं चांदीचं छत १७६० मध्ये भाऊसाहेबांनी फौजेच्या पगारासाठी काढलं म्हणालीस. आपल्या घरात भाऊसाहेब म्हटलं की पानिपत आणि आजोबांचे डोळे भरलेले, आणि तू म्हणतेस, बाबा, थोडं छताचंही वाईट वाटू दे. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

हुमायूनच्या मकबऱ्यात तर तू थांबतच नव्हतीस. एकात एक दोन घुमट, बाहेरचा लांबून दिसावा म्हणून उंच, आतला खालच्या दालनाला शोभेल एवढाच, मधे पोकळी, आणि हे सगळं ताजमहालाच्या कितीतरी आधी, १५७० च्या सुमारास! केवढी हुशार झालीस गं. पण खरं सांगतो, मी निम्मं ऐकलंच नाही, त्या उंच पायऱ्या चढून आल्यावर तुझे खांदे किती वरखाली होतायत तेच बघत होतो. म्हणून सगळ्यांसमोर ओरडलो, दम्याचा पंप कुठंय म्हणून. चुकलं माझं.

तरी सांगतो, पंप रोज घ्यायचा, बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही. थंडीत तिथली हवा जड होते, पहाटे स्केचिंगला बाहेर बसायचं नाही, मास्क लावायचा, आणि रूमवर कोणाला तरी सांगून ठेव की तुला दमा आहे, त्यात लाजण्यासारखं काय आहे? बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. तू सहा वर्षांची असताना पावसात स्कूटरवर मधे बसवून नेलं होतं, ती शिट्टीसारखी घरघर माझ्या पाठीला लागून ऐकू येत होती, ती काही केल्या कानातून जात नाही.

गुरुवारी पार्सल पाठवतोय. आजीचे लाडू, तुझी ती राखाडी शाल, आणि पंपाला लावायची ती नळी, नवा स्पेसर, जुना फुटलाय हे आईकडून कळलं. मिळालं की फोन कर. मेसेज नको, फोनच कर, आणि जरा जास्त वेळ बोल.

बाबा