आधी गळती थांबवा म्हणणाऱ्या पेंटरदादांना

पेंटरदादा, नमस्कार.

घर आणि ऑफिस, दोन्हींचं काम आटोपलं, हिशेबही चुकता झाला. तरी पैशांत न बसणारं बरंच काही उरलंय, म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण रंगकामाला जवळपासचा माणूस शोधणाऱ्या कुणाच्या तरी ते उपयोगी पडेल.

तुमच्या आधी आलेल्या एकाने दारात उभं राहूनच चटईक्षेत्रावर आकडा सांगून टाकला. तुम्ही टेप काढलीत, भिंती आणि छत मोजलंत, दारं-खिडक्या वजा केल्यात. मग बेडरूमच्या त्या भिंतीपाशी थबकलात. वर पोपडे, खाली पांढरा लोणा. नखाने जरा खरवडलंत तर प्लास्टरचं पीठ हातात आलं. "ताई, मागे बाथरूम आहे ना? आधी प्लंबर बोलवा. हे काम मी आत्ता घेणार नाही."

चालून आलेलं काम पुढे ढकलणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. गळती थांबल्यावरही तुम्ही लगेच ब्रश उचलला नाहीत. भिंतीला प्लास्टिकचा चौकोनी तुकडा लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्यात. दुसऱ्या दिवशी तो आतून घामेजलेला! भिंत अजून पाणी सोडतेय, आत्ता रंग मारला तर तो फुगून सुटणार, एवढंच म्हणालात आणि निघून गेलात. तुकडा कोरडा निघाला तेव्हाच पुट्टीचा डबा उघडला. खिडकीच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून ती पाणी लावून घासलीत आणि तेवढा वेळ मुलांना त्या खोलीत फिरकू दिलं नाहीत. हे तर मी सांगितलंही नव्हतं.

ऑफिस बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. तुम्ही सुट्टीचे दिवस धरून एकेक भाग उरकलात. खुर्च्या घासतात तिथपर्यंत धुता येणारा रंग, वरच्या खडबडीत भागाला मॅट, कारण चकाकीत भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. एकाच शेडचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र केल्यात, म्हणून एका लांबलचक भिंतीवर कुठेही फरक नाही. आणि कोटेशन! कंपनी, रंगाचा प्रकार, प्रायमर, किती हात मारणार, सामान कोणाचं, कोणत्या टप्प्याला किती पैसे, सगळं कागदावर. इतकं स्पष्ट लिहिलेलं असलं की वाद घालायला जागाच उरत नाही.

पुढे इलेक्ट्रिशियनने स्विचबोर्डाजवळ टवका उडवला. त्या संध्याकाळीच घरी जाताना तुम्ही डोकावलात आणि शेडचा नंबर लिहून ठेवलेल्या बाटलीतल्या उरलेल्या रंगाने तो झाकून गेलात. पैसे काही घेतले नाहीत. जवळचा माणूस नेमल्याचा फायदा मला तेव्हा कळला.

तक्रार एकच. काम चालू असताना तुम्ही फोन उचलत नाही. हात रंगात असतात, मान्य; पण समोरच्याचा जीव टांगणीला लागतो.

शेजारच्या दुकानदारांना तुमचा नंबर दिलाय. संध्याकाळनंतरच लावा, असं बजावलंय. त्यांच्याही मागच्या भिंतीला ओल आहे, तेव्हा प्लास्टिक घेऊनच जा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची ताई