बायच्या वाटीत काय काय असतं

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तू रोज फोनवर विचारतेस, "आज काय खाल्लं गो तिने?" मी सांगायला लागले की इकडे कुकरची शिट्टी होते, नाहीतर आमची तान्ही बाय रडायला लागते, आणि बोलणं अर्धं राहतं. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं इथे राहायला येणार, बायला भरवणं तुमच्याकडेच असणार. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांना ताण नको, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

बाबांच्या डोळ्यांमुळे उष्टावणाला तुम्हाला येता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, पाचव्या नाहीतर सातव्या, असं तू म्हणालीस तेव्हा आम्ही सातवा धरला. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. तोवर बायची मान पक्की झाली होती, आधाराने बसत होती आणि चमचा जिभेने बाहेर ढकलणं थांबलं होतं. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर तिने चाटली. साखर घातली नव्हती, पण तिला ती आवडली.

तू म्हणतेस, आधी थोडे दिवस वरणाचं नुसतं पाणी द्यायचं होतंस. आई, त्या निवळीत फार काही नसतं गं. डाळ खाली बसते आणि वरचं पाणी पोट भरतं. या वयात पोट इवलंसं, एका वेळी पाव लिटरच्या आतच मावतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय दिवसाला साधारण 200 कॅलरी अन्नातून लागतात. त्या इतक्याशा जागेतून जायच्या, तर घास दाटच हवा. मी मऊ भात आणि मूगडाळ घोटते, वर घरचं तूप सोडते. चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये, एवढा दाट. लिंबाचे दोन थेंबही पिळते. बाळ पोटातून जे लोह घेऊन येतं ते सहा महिन्यांच्या सुमाराला सरत येतं, आईच्या दुधात ते फार थोडं असतं, आणि डाळीतलं लोह अंगी लागायला आंबट मदत करतं. डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंबही चालू आहेत.

आता नाचणी. इथे कर्नाटकात नाचणीला तोटा नाही. शेजारच्या आजी रागीची 'सरी' करतात. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून भाजायची, दळायची आणि कापडातून गाळायची. पहिल्यांदा त्यांचा डबा उघडला तेव्हा तुझ्या माजघरातला वास आला. पण मला आपल्या वरकस जमिनीतलीच नाचणी हवी आहे, तुझ्या हातून निवडलेली. एक विनंती आहे. भिजवून, वाटून, फडक्यातून पिळून खाली बसलेल्या साक्याच्या वड्या तू करायचीस ना, तशा या वेळी करू नकोस. नाचणीतला कॅल्शियम बराचसा सालाजवळ असतो, तो त्या चोथ्याबरोबर जातो. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतो, तो टाकून द्यायचा जीव होत नाही. मोड आणून, खडखडीत वाळवून, मंद आचेवर भाजून बारीक पीठ कर.

मोडाचं मला फार कौतुक वाटतं. मोड येताना दाण्यात असं काही तयार होतं की त्यातलं पिष्ट फुटायला लागतं. म्हणून मोडाच्या पिठाची पेज घट्ट गोळा होत नाही. त्याच वाटीत पीठ जास्त मावतं, तरी बायला गिळता येतं. आपल्याकडे बायका हे किती पिढ्या करत आल्या आहेत! लहानपणी परड्यात सुपात वाळत घातलेली मोडाची नाचणी मी कितीदा राखली असेल.

गिरणीत आधी काय दळलं ते विचार आणि पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढायला सांग. आणि गुडघे दुखत असताना डबा घेऊन स्वतः चालत जाऊ नकोस.

बाबा, हे तुमच्यासाठी. बायच्या जेवणात वर्षभर मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही. तुमच्या बीपीसाठी डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंच आहे. तेव्हा इथे वरण बिनमिठाचंच शिजेल, आधी बायची वाटी निघेल, मग तुमच्यापुरतं चिमूटभर मीठ. तिला अळणी लागेल म्हणून हळहळू नका. मीठ तिला अजून ठाऊकच नाही. गाईचं दूध प्यायला वर्षानंतर. घरी लावलेलं दही मात्र ती आनंदाने खाते.

पुढची गोष्ट लिहिताना जड जातं आहे, पण लिहिते. आई, सहाण आणि गुटीची पुरचुंडी आणू नकोस. तू आम्हा दोघा भावंडांना वेखंड, मुरुडशेंग, जायफळ उगाळून किती मायेने चाटवलंस ते मला ठाऊक आहे. पण उगाळलेलं किती पोटात जातं याला माप नसतं, दगडावरून जंतू जाऊ शकतात, आणि जायफळ या वयात जास्त झालं तर घातक आहे. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नाही. त्यात कधी कधी एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, श्वासापर्यंत जातं. मध उकळूनही ते बीजाणू मरत नाहीत. क्वचित घडतं, पण या बाबतीत मी कोणाचंच ऐकणार नाही.

दाण्याचं कूट मात्र भरपूर घेऊन ये! पूर्वी शेंगदाणे उशिरा द्यायचे म्हणत. 2015 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी 640 बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली ती बाळं होती. ज्यांना लहानपणीच शेंगदाणा खायला मिळाला, त्यांच्यात त्याची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी दिसली. आमच्या डॉक्टरांना विचारून मी अगदी बारीक कूट पेजेत मिसळते. नवा पदार्थ एका वेळी एकच, मग दोन-तीन दिवस थांबून पुढचा. अंड्याचंही तसंच केलं. मुडदुशी मासा गावी आल्यावर, तुझ्या हातची, काटे नीट काढून. पण बाबा, खिशातले चणे, फुटाणे, अख्खे दाणे तिच्या हाती नको. श्वासनलिकेत अडकतात.

खाताना ती कधी कधी ओकारी काढल्यासारखं करते, खोकते, डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा घाबरून तोंडात बोट घालू नका, ती स्वतःच घास पुढे आणते. आवाज येतो आहे तोवर वारा चालू आहे. आवाज बंद होऊन चेहरा निळसर पडला, तर मात्र धावायचं. तेव्हा काय करायचं ते तुम्ही आलात की पहिल्याच दिवशी करून दाखवेन.

आणि आई, सगळ्यात महत्त्वाचं. ती तोंड फिरवते, ओठ मिटते, तेव्हा तिचं पोट भरलेलं असतं. "एवढा एकच" म्हणून पुढचा घास द्यायचा नाही. आधी वाटी रिकामी झाली नाही की माझाही जीव खालीवर व्हायचा. वजनाच्या तक्त्यावर तिची रेघ आपल्या जागी चढते आहे, आणि दूध चालूच आहे, दोन वर्षांपर्यंत चालू ठेवणार आहे. कधी चार चमचे, कधी वाटी चाटूनपुसून. किती खायचं ते तिचं तिला ठरवू दे. काय द्यायचं आणि कधी, ते आपल्याकडे. इथे मुलांसमोर मोबाइल धरून भरवतात, ते मला नको आहे. मला तुझा काऊचा घास, चिऊचा घास हवा आहे, तिच्या डोळ्यांत बघून, सावकाश. तेवढ्यासाठी मी दिवस मोजते आहे. सांडलं तर सांडू दे, मी पुसेन.

कोल्हापूरपर्यंत साखरप्यावरून आंबा घाटाने गाडी करून या, एस.टी.ने नको. तिथून पुढची तिकिटं मी काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. बाबांच्या गोळ्या आणि डोळ्यांत घालायचे थेंब हातातल्या पिशवीत ठेवा. नाचणी, कूट आणि जमलं तर थोडा लाल तांदूळ, एवढंच आणा. जड काही उचलू नका, दादा गाडीपर्यंत येणार आहे.

कळावे.

तुमची,
ताई